तीस हजार एकतीस

सरांनी फळ्यावर तीस हजार एकतीस लिहिलं आणि मला उभं केलं. नववीचा वर्ग. "दोनाने भाग. बाकी?" एक. "तीनाने?" एक. मग पाच, सात, अकरा, तेरा. दर वेळी एकच उरत होता. सर हसले. शिकवताना पुस्तकी बोलायचे, टोमणा मारायचा असला की मालवणीत यायचे. "आणि रापणीची बाकी कोणाच्या घराक जाता गो?"

वर्ग खदखदला. सगळ्यांना ठाऊक होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. ओढायला माणसं लागतात, तेव्हा आमची वाडी चालते. मासे वाटताना मात्र आमची जात आठवते. जाळ्यात ज्यांची भागी, त्यांचे सारखे वाटे घालतात. सारखे करून जे वाळूत उरतं, ते आमचं. सरांच्या घरचा वाटा होता.

"सांग. लाज कसली?"

"आमच्या घराक," मी म्हटलं.

"बस. आणि लिहून घ्या सगळ्यांनी. ही मूळ संख्या. हिला कशानेच भाग जात नाही."

मला रडू आलं नाही. रागही नाही. गाल तेवढे बधिर झाले, दात काढल्यावर होतात तसे. घरी गेले, उरलेल्या बांगड्यांचं तिखलं जेवले. चव लागली नाही. मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर भागत बसले. का, ते सांगता येणार नाही. दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं. सतरा, एकोणीस, तेवीस. प्रत्येकाची बाकी वेगळी. एकोणसाठला आले आणि खाली शून्य. पाचशे नऊ वेळा नि:शेष भाग गेला. पुन्हा करून पाहिलं. शून्यच.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. "असेल," म्हणाले, आणि पुढचं उदाहरण घातलं.

मलाही आनंद झाला नाही. पण डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. संख्या तीच. कितीने भागता, त्यावर उरतं की नाही ते ठरतं. आणि रापणीत कितीने भागायचं, हे आम्हाला न विचारता कोणीतरी ठरवून ठेवलं होतं.

रविवारी रापण लागली. आईबाबांबरोबर मीही ओढलं. तळहाताची सालं निघाली. वाटे घालून झाले. तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, उरलेले बांगडे पायाने आमच्याकडे सारले. "घे गो, टोपली भर."

"आमका धरून वाटे घाला."

"जाळा आमचा. तुमचो वाटो खंयसून इलो?"

"ओढताना आमका धरलात ना?"

"गप रव गो," बाबा पुटपुटले आणि वाकून मासे टोपलीत भरू लागले. त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी टोपली घेतली आणि तांडेलाच्या पायापाशी पालथी केली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी घरात पेज आणि मीठ.

आता मी कॉलेजात गणितच शिकते. वाटे अजून तसेच घालतात. आई म्हणते, पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये. मी वाडीत दारोदार जाते आणि दोर धरू नका म्हणून सांगते. काही घरांनी सोडला. काहींनी दार लावून घेतलं. त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे. आम्हाला धरून वाटे घालणार नसतील, तर ते जाळं मासळीसकट पाण्यात कुजू दे.