वन्संचे किलोमीटर आणि बोटभर तूप

रिकामं बसणं हा गुन्हा ठरला असता, तर अख्खं बुऱ्हाणपूर तुरुंगात गेलं असतं आणि बाहेर एकट्या आमच्या वन्सं उरल्या असत्या. आणि गाव कुठे गेलं हे त्यांना कळलंही नसतं, कारण तेव्हा त्या तापीच्या पुलावर धावत असत्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बावन्न. मुलींच्या शाळेत गणित शिकवतात, मॅरेथॉन धावतात, महिन्यातून एकदा तरी गाव सोडून कुठेतरी जातात, आणि दूध, तूप, लोणी, अंडं यातलं काहीही न घालता केक करतात. अंडं आमच्या घरात तसंही कधी आलेलं नाही, त्यामुळे त्याचा त्याग करायला त्यांना काही कष्ट पडले नाहीत. एवढ्या सगळ्या गोष्टी एका बाईच्या एका दिवसात मावतात कशा, असं लोक मला कौतुकानं विचारतात. मावत नाहीत हो. उतू जातात, आणि उतू गेलेलं पुसायला घरात मी असते.

त्या धावायला लागल्या तेव्हा पंचेचाळीशी गाठली होती. कुणी सांगितलं, का सुरू केलं, काही पत्ता नाही. एक दिवस सकाळी पंजाबी ड्रेस, त्यावर ओढणीला पाठीमागे गाठ आणि पायात शाळेतल्या कवायतीचे बूट, अशा निघाल्या त्या आमच्या शनवाऱ्यातून सिंधीपुऱ्यात, तिथून पुलावर आणि पलीकडे थेट जैनाबाद. आमच्याकडे बाई रस्त्यानं पळते ती दोनच कारणांनी, एक तर गाडी सुटत असते किंवा कुणाचं तरी काही झालेलं असतं. पहिल्याच दिवशी दूधवाल्यानं मोटरसायकल आडवी घातली आणि विचारलं, "किसके घर जाना है बहनजी? बैठो, छोड़ देता हूँ." जैनाबादच्या केळीच्या मळ्यातली एक म्हातारी तर रोज बांधावर येऊन उभी राहायची आणि काळजीनं विचारायची, "काय व्हयनं वं माय, कोन गयं?" कुणी गेलं नाही, मी व्यायाम करतेय, असं वन्संनी तिला महिनाभर समजावलं. शेवटी म्हातारीच्या मनानं घेतलं की या बाईला नवस फेडायचाय, आणि मग ती त्यांच्या हातावर रोज दोन पिकलेली केळी ठेवू लागली.

धावणं अंगात भिनल्यापासून आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं म्हणा ना. वन्संना मिनिटं कळेनाशी झाली. भात किती वेळ ठेवू, विचारलं तर म्हणणार, दोन किलोमीटर. पाहुणे कधी येणार? दहा-बारा किलोमीटरनी येतील. ब्रेडचं पीठ भिजवून त्यावर ओलं फडकं टाकायच्या आणि पुलाकडे पळायच्या. परत येईतो पीठ फुगलेलं असायचं. ते नीट फुगलं नाही तर दोष यीस्टला नाही, त्या दिवशी जरा जोरात धावलं गेलं म्हणायच्या. केक ओव्हनमध्ये गेला की मला हुकूम, "पाच किलोमीटरनी बंद कर." अहो वन्सं, मी कणीक मळतेय, मी कुठले किलोमीटर मोजू? तर म्हणे, माझ्या वेगानं मोज. माझ्या नवऱ्यानं तर हात टेकले होते. "ताईला काही म्हणू नकोस," एवढंच तो म्हणायचा आणि पेपर वर धरायचा.

प्रवासाचं तर विचारूच नका. बॅग दारामागच्या खुंटीला कायम भरलेली. उदयपूर झालं, म्हैसूर झालं, पुणं तर किती वेळा. त्या वर्षांत जगच एकदम जवळ आलं होतं. धावणाऱ्यांचे म्हणून फोनवर गट निघाले होते, आणि शनवाऱ्यातल्या आमच्या माडीवर बसून वन्सं कुठकुठल्या गावच्या पोरांना गुडघ्याला काय लावायचं ते सांगत असायच्या. पण या बाईनं एवढा देश पाहिला असं मात्र म्हणवत नाही. म्हैसूरचा राजवाडा कसा आहे, असं मी मोठ्या हौसेनं विचारलं, तर म्हणाल्या, "त्याच्या आधी एक चढ आहे, फार वाईट." उदयपूरला म्हणे उलटा वारा लागला. पुण्यात रस्ता बरा, पण माणसं मध्येच थांबून फोटो काढतात. चुलतदिराच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि दुसऱ्या मिनिटाला वन्संची जागा रिकामी. गाडीची वेळ झाली होती. पंगतीत सगळ्यांनी मलाच विचारलं, रागावून गेल्या का हो?

मला विचाराल तर ही सगळी तगमग जुनी आहे. तिशीच्या आतबाहेर असताना वन्संचं लग्न झालं आणि सहा महिन्यांत त्या परत आल्या. का आल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि घरातल्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून माहेरात त्या अशा राहिल्या की कुणाच्या वाटेत यायला नको. एका जागी पाच मिनिटं बसल्या तर जणू कुणीतरी येऊन तुम्ही इथे कशा, असं विचारील. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की ही बाई गर्विष्ठ आहे. तसं नव्हतं. आपल्यासाठी कुणी पाट मांडावा याची तिला सवयच उरली नव्हती.

आणि मग त्या व्हीगन झाल्या. जैनाबादच्या त्याच मळ्यात त्यांनी दूध काढताना दावणीला ओढ घेणारं वासरू पाहिलं म्हणे, आणि घरी येऊन जाहीर केलं, आजपासून दूध बंद, दही बंद, तूप बंद. आळीत बातमी वेगळीच पसरली. शेजारच्या भाभी हळूच मला विचारून गेल्या, ताईंना व्हीगन झालंय म्हणतात, दवा चालू आहे ना? घरात मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही, कारण घरात सासूबाई होत्या. पानावर वाढलेल्या भाताला तुपाचा थेंब लागल्याशिवाय ते अन्न शुद्ध होत नाही, हा त्यांचा नेम. अन्नशुद्धी म्हणायच्या त्या त्याला. घरात कितीही ओढाताण असो, तुपाची वाटी कधी रिकामी राहिली नाही, आणि ती पळी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही. त्या दुपारी सासूबाई नेहमीप्रमाणे वाढत आल्या, वन्संच्या पानावर पळी तिरकी केली, आणि वन्संनी भातावर हात आडवा धरला. तूप त्यांच्या बोटांवर पडलं. वन्सं उठल्या, हात धुतला, परत येऊन कोरडा वरणभात जेवल्या.

त्या दिवसापासून सासूबाई लेकीशी बोलल्या नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "तुझ्या नणंदेला म्हणावं, पाऊस आहे, छत्री ने." वन्सं समोरच उभ्या! आणि त्याही तितक्याच, "आईला सांग, नेते." दोघींच्या मधे मी पोस्टमन.

पण त्याच आठवड्यात, वन्सं धावायला गेल्या असताना, सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी केकचा डबा धुऊन पुसत होते. केळी कुस्करणं, गूळ विरघळवणं, पीठ चाळणं हे वन्संचं. डब्याला आतून तेल लावून ठेवणं हे माझं काम. सासूबाईंनी तेलाची बुधली माझ्या हातातून काढून घेतली, तुपात बोट बुडवलं आणि डब्याच्या आत सगळीकडून फिरवलं. मी म्हटलं, आई, त्यांना चालत नाही. तर म्हणाल्या, "कढवल्यावर त्यात दूध कुठे राहतं? एवढी धावते ती. हाडं झिजतील तिची. माझ्या हातचं घेत नाही, तर डब्याला लागलेलं तरी पोटात जाऊ दे." मग मला बजावलं की मी नसले तरी हे चुकवायचं नाहीस.

मी चुकवलं नाही. सासूबाई दोन वर्षांत गेल्या. शेवटच्या आजारातही वन्संशी एक अक्षर बोलल्या नाहीत, वन्सं पायाशी बसून असायच्या आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. त्या गेल्यावरही मी दर वेळी डब्याला बोटभर तूप लावत राहिले. वन्संनी विचारलं, तेल लावलंस ना, की बेधडक हो म्हणायचे. वर केक असा अलगद सुटायचा की त्या माझीच पाठ थोपटायच्या. मला त्यात काही पाप वाटलं नाही. पुसटसं तूप ते, आणि त्यात दूध राहत नाही हे आईंनीच सांगितलं होतं ना!

मग ती पुण्याची स्पर्धा आली. वन्सं निघायच्या गडबडीत, केक कागदात गुंडाळता गुंडाळता सांगू लागल्या की त्यांच्या फोनच्या गटात नागपूरची एक मुलगी आहे, तिला दुधाचा अंश चालत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, एकदा तर दवाखान्यात टाकावं लागलं होतं. वाढदिवसाला सगळे केक खातात आणि ती बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचत बसते. "तिनं जन्मात केक खाल्ला नाहीये गं. तिला म्हटलं, माझा केक डोळे मिटून खा. धावून झालं की पहिला तुकडा तुझा." दारात रिक्षा वाजली. वन्सं गेल्या. मी तोंड उघडलंच नाही. तोंडाशी आलं होतं, पण चार वर्षांचं खोटं एका रिक्षाच्या हॉर्नमध्ये कसं सांगायचं, तेच सुचेना.

रिक्षा वळली मात्र, मी धावत आत आले. फोन लावला तर बंद. बॅटरी वाचवायला वन्सं प्रवासात फोन बंद ठेवतात हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी लावत सुटले. नवरा ऑफिसातून जेवायला आला, त्याला सांगितलं, तर तो पहिल्यांदा हसला, म्हणाला डब्याला पुसलेल्या तुपानं काय होतंय. मग माझा चेहरा बघून त्यानंही फोन लावायला सुरुवात केली. त्या मुलीचा नंबर आमच्याकडे नाही, नावसुद्धा धड माहीत नाही. दुपारभर मी घरात येरझारा घालत होते. वन्संच्या वेगानं मोजलं असतं तर वीसेक किलोमीटर झाले असतील. तिला काही झालं तर, हा एकच विचार. आणि त्याच्याच मागे दुसरा, जास्त हलकट, की वन्सं आता माझ्या हातचं पाणी तरी पितील का?

दिवेलागणीला त्यांचाच फोन आला. पोचले म्हणाल्या. मी म्हटलं, "वन्सं, तो केक त्या मुलीला देऊ नका."

"का? खालून लागलाय का?"

"डब्याला तूप लावलंय मी."

मागे स्टेशनाचा आवाज चालू होता. मग म्हणाल्या, "आज?"

"नाही. पहिल्यापासून. दर वेळी."

"ठेव," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. केक तसाच, कागदातला कागदात, ओट्यावर ठेवला. मुलगी खुशाल आहे, तिला मी चणे-शेंगदाणे दिले, एवढं भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. तुमचं धावणं कसं झालं, विचारलं तर म्हणाल्या, झालं नाही. सगळे सुटले, माझे पाय उचललेच नाहीत. मग त्यांनी मला समोर उभं केलं आणि शाळेत पोरींना बोलतात तसं बोलल्या. एका मुलीचा जीव गेला असता. मी जिला विश्वासानं बोलावलं, तिचा. माझं काय खायचं ते मी ठरवलं होतं, ते तू रोज खोटं पाडलंस. एकही शब्द वावगा नव्हता. मी मान खाली घालून ऐकलं, आणि ऐकताना ठरवलं होतं की आईंचं नाव घ्यायचं नाही. गेलेल्या माणसावर कशाला ढकलायचं? पण त्यांनी सरळच विचारलं, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून, आणि वन्संशी पुन्हा खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. सांगितलं. बुधली कशी काढून घेतली, काय म्हणाल्या, नसले तरी चुकवू नकोस कसं बजावलं, सगळं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही भातावर हात धरलात ना, त्याच आठवड्यात."

वन्संनी ओट्याची कड धरली. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं, आईनं मला टाकलं आणि मग ती गेली." त्यांच्या डोळ्यांना पाणी नव्हतं, मलाच रडू फुटलं. त्यांनी कागद सोडला, सुरी घेतली आणि एक तुकडा कापून बशीत ठेवला. मला वाटलं, आता खाणार. पण मोडतील त्या वन्सं कसल्या? बशी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "मी खाणार नाही. माझं मी मोडणार नाही. तू खा. इथे, माझ्यासमोर."

मी खाल्ला. तीन दिवसांचा शिळा, कडेनं थोडा सुकलेला. गुळाची चव होती, केळ्याची होती. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या, एकेक घास खाली उतरेपर्यंत. शेवटचा घास राहिला तेव्हा त्यांनी विचारलं, "तूप लागतं का गं?"

खरं सांगायचं तर काडीचं लागत नव्हतं. मी म्हटलं, "लागतं. चांगलं लागतं."

त्यांनी मान हलवली आणि बशी धुवायला घेतली.