देवीनं न ऐकलेलं मागणं

ताई गेली त्यानंतर पाचव्या महिन्यात माझ्या डाव्या स्तनात एका जागी दुखू लागलं. पाळीच्या आधी दोन्हीकडे जडावल्यासारखं होतं ते मला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. पाळी येऊन गेली तरी थांबेना. ताई स्तनाच्या कर्करोगानंच गेलेली, त्यामुळे डॉक्टरांचं नाव काढायचा धीर होईना. आयुष्य ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेली मी शिकलेली बाई, पण रोज आंघोळीनंतर दुखऱ्या जागी गडावरच्या देवीचा अंगारा लावत होते. मागणं एकच : आई, हे दुखणं काढून घे. असे तीन महिने गेले. घरात कुणालाच सांगितलं नाही.

एका मंगळवारी ओटी भरायला विरारच्या गडावर निघाले. पायथ्याशी होळी गावाहून फुलं आणून विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. वेणी घेताना ओटीचं ताट छातीशी धरलं, नारळ टेकला आणि अशी कळ आली की ताट हलकेच खाली ठेवावं लागलं.

"काय गं, छातीत दुखतंय? कधीपासून?"

"तीन महिने झाले."

"अन् दवाखाना?"

मी अंगाऱ्याचं सांगितलं. त्या हसल्याच. "अंगारा लाव, कोन नको म्हनतंय? पन देवीनं डॉक्टर काय उगाच केले? ताट राहू दे माज्याकडे. आधी दाखवून ये, मग चढ वर."

ओळखदेख नसलेल्या बाईनं ओटी अडवून ठेवली याचा रागच आला. त्या रागातच रिक्षात बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं दुखणं बहुतेक वेळा कर्करोगाचं नसतं. पण एकाच जागचं, पाळीशी संबंध नसलेलं दुखणं काही आठवडे टिकलं तर दाखवायला हवं. गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर मुळीच थांबू नये. तुमच्या तर बहिणीलाच होता." त्यांनी दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लिहून दिली.

डावीकडे निघाली पाण्याची साधी गाठ. माझे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी उजवीकडचं चित्र दाखवलं. जिथे कधीच काही दुखलं नव्हतं, तिथे वाटाण्याहून लहान ठिपका होता. सुईनं तुकडा काढून तपासला. कर्करोगच.

"इतक्यात हाताला लागलाही नसता," त्या म्हणाल्या. "डावीकडे दुखलं म्हणून सापडला."

ताईची गाठ कधी दुखलीच नव्हती. आणि मी तीन महिने देवीपुढे हट्ट धरून बसले होते, की दुखणं थांबव. एखाद्या मंगळवारी तिनं ऐकलं असतं, तर मी आनंदानं ओटी भरून घरी आले असते.

शस्त्रक्रिया झाली, उपचार चालू आहेत. अंगात काही एकाच जागी दुखत राहिलं, तर ते देवीचंच बोलावणं समजून डॉक्टरांना दाखवून यावं, एवढंच मला कळलं आहे. हात अजून रोज जोडते. काय द्यायचं ते मात्र आता तिला सांगत नाही.