दहा पिसे

८ जानेवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत आहे. त्या वेळी मी काय केले, ते वहीत नाही. तीन वर्षे झाली — मी ते कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि आताही मनात येते : तुम्हाला आधीच कळले असेल का? तीन वर्षे मी प्रत्येक चेहऱ्याकडे याच प्रश्नाने पाहते आहे.

पुंडलिकनगरात आमच्या घरी आईचा एक कॉकटील पक्षी आहे — सोन्या. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. आईने शीळ घातली की तो कपाटावरून उडून थेट तिच्या खांद्यावर येत असे. मी प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन एका संशोधन शिष्यवृत्तीच्या मागे लागले होते. विषय होता, पंख छाटलेल्या पाळीव कॉकटीलचे उड्डाण. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून मी आणलेले दोन्ही पक्षी आधीच छाटलेले होते. छाटण्यापूर्वी ते कसे उडत, हे कळायला मार्ग नव्हता. सोन्याच्या मात्र एकेचाळीस उड्डाणांच्या नोंदी माझ्याजवळ होत्या. ‘आधी’ तयार होते. उणीव होती ती ‘नंतर’ची.

आईला मी विचारले होते. ती म्हणाली, “त्याच्या पंखाला हात लावायचा नाय. तुझी परीक्षा तुझ्यापाशी.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही लग्नासाठी चार दिवस जालन्याला गेलो. सोन्याला खालच्या मजल्यावर रुबीना आपाकडे ठेवले. अकरा वर्षांचा शेजार. आपा शिवणकाम करते, एकटी राहते, माहेर शहागंजचे. सोन्या तिच्या मशीनवर बसून टाचण्या पळवायचा. परतलो त्या संध्याकाळी पिंजरा चादरीसकट वर आणला आणि तसाच झाकून ठेवला. सकाळी आई फिरायला गेली. मी चादर काढली.

दोन्ही पंखांची पाच-पाच लांब पिसे, विच्छेदनाच्या कात्रीने, एका रेषेत. सहा मिनिटे लागली. तुकडे पाकिटात घालून पाकिटावर क्रमांकही टाकला — इतकी मी शिस्तीची. पिसे कापताना पक्ष्याला दुखत नाही, हे खरे आहे. पण ते खरे आहे म्हणून मी येथे का लिहिते आहे?

आई आली, पिंजरा उघडला, सोन्या पिंजऱ्याच्या जाळीवरून कपाटावर चढला. तिने शीळ घातली. त्याने झेप घेतली आणि तो फरशीवर छातीवर आपटला. आईने पक्षी उचलला. मी अंतर मोजले. एक मीटर दहा.

आईने पंख पसरून पाहिला आणि मला म्हणाली, “तू शिकलेली आहेस. तू बघ, काय झालं याला.”

मी पाहिले. म्हणाले, “पिसे कापलेली आहेत. कात्रीने.”

एकही शब्द खोटा नव्हता. तेवढ्यावर आई खाली आपाच्या दारात गेली.

“तूच म्हणली होतीस ना, याच्या पंखांचं काहीतरी करा म्हणून? घरात चार कात्र्या तुझ्या!”

“वो तो हँसी में बोली थी, भाभी! मेरे कू क्या दुश्मनी उससे? हमारे अब्बा के इतने कबूतर थे — हमारे यहाँ पर बांधते धागे से, काटते नहीं. काटे तो झडने तक वैसाच रहता. बाई से पूछो ना, वो तो येच पढी.”

बाई म्हणजे मी. मी जिन्यात उभी होते. आपा म्हणत होती ते अचूक होते : पर, म्हणजे पिसे, धाग्याने बांधली तर धागा सोडला की पक्षी उडतो, कापलेले पीस मात्र गळून नवे येईपर्यंत तसेच राहते. कबुतरे पाळणाऱ्या घरातली मुलगी कात्री चालवणार नाही — त्या क्षणी हे आईला पटवून देऊ शकणारी मी एकटीच होते. मी म्हणाले, “आई, वर चल.”

त्यानंतरचा काळ संशयाचा. आपा जिन्यात माझ्या हातांकडे पाहते का? कापलेले तुकडे कुठे गेले, हे आईने एकदाही का विचारले नाही? सोन्या माझा हात जवळ येताच फिस्कारू लागला होता, फक्त माझा. हे आईला दिसत नव्हते? ती स्वयंपाकघरात जाताना पिंजराही घेऊन जाऊ लागली. आणि आपाविषयीचा संशय आईच्या मनात इतक्या सहज कसा बसला — अकरा वर्षांनंतर, एका वाक्यात? हा प्रश्न मी आईवर ढकलू पाहते. पण तो संशय बसेल, हे मला आधी ठाऊक होते. सोन्याला मी डिसेंबरमध्येही छाटू शकले असते. तो चार दिवस दुसऱ्या कोणाकडे राहून येईपर्यंत मी थांबले. तारीख मी निवडली होती.

अहवालात लिहिले, ‘पंखांची छाटणी : शेजारील व्यक्तीकडून, संशोधनापूर्वी.’ शिष्यवृत्ती मिळाली.

ऑगस्टपर्यंत सोन्याची पिसे गळून नवी आली. त्याच महिन्यात आपाने घर सोडले. टेम्पो खाली उभा असताना ती आमचे दोन डबे परत द्यायला वर आली आणि दारातच थांबली. कोणी तिला आत बोलावले नाही. कोणी शीळही घातली नाही. सोन्या कपाटावरून उडाला आणि तिच्या खांद्यावर जाऊन बसला.

तिने त्याचा पंख बोटाने हळूच उघडून पाहिला. “पर आ गए इसके,” म्हणाली. त्याला आईच्या हातावर दिले. आईची मान खाली होती. मग आपाने माझ्याकडे पाहिले — किती वेळ, ते मी मोजले नाही — आणि ती उतरून गेली.

तिला हाक मारण्याइतका वेळ होता. टेम्पो सुरू व्हायला बराच अवकाश होता. मी टेप घेतला आणि कपाटापासून ती उभी होती त्या उंबऱ्यापर्यंत धरला.

चार मीटर वीस सेंटिमीटर.