चालत्या मिलचे मुकुंदराव

फोन दुपारी आला. पलीकडे मुकुंदरावांची मुलगी, अदिती. एरवी ती मला मराठीत काका म्हणते. लखनौत वाढली तरी आईनं तेवढं तिच्याकडून घोटून घेतलेलं. त्या दिवशी मात्र "मौसाजी, पापा नहीं रहे," एवढंच तिच्या तोंडून आलं आणि फोन कुणीतरी दुसऱ्यानं घेतला. पुण्याहून लखनौ काही हाकेच्या अंतरावर नाही. मी आणि माझी बायको त्यांच्या इंदिरानगरमधल्या घरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं... दारात ताई, माझी मोठी मेहुणी, उभी होती. "आत या, चहा टाकते," म्हणाली. रडायला मी घरापासून तयार होऊन आलो होतो, पण त्या घरात कुणी रिकामं बसतच नाही.

मुकुंदराव माझे साडू. साडूंचं नातं मुळातच थट्टेचं, आमच्यात धंद्याचं भांडणही होतं. ते मूळचे मिरजेचे, लखनौबाहेरच्या एका कागद मिलमध्ये विजेचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी एसी, म्हणजे घरातल्यासारख्या विजेवर चालणाऱ्या, मोटर्स आणि त्यांचे ड्राइव्ह विकत उत्तर भारत पालथा घालायचो. लखनौला आलो की मुक्काम त्यांच्याकडे. पहिल्याच खेपेला जेवताना त्यांनी नियम सांगून टाकला. "सतीशराव, घरी पोटभर जेवा, मिलमध्ये कोटेशन द्या. दोन्हींची भेसळ करायची नाही." असा माणूस साडू म्हणून मिळणं हे विक्रेत्याचं दुर्दैवच. ताईच्या हातची पुरणपोळी खाऊन मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच केबिनबाहेर बाकावर ताटकळत बसलेलो आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मिलमध्ये कागदाचं ओलं पान एका फिरत्या रुळावरून, म्हणजे रोलरवरून, दुसऱ्यावर जात जात वाळायचं. सगळे रूळ एकमेकांशी वेग जुळवून फिरले पाहिजेत. एक जरा मागेपुढे झाला की पान तुटलं, मग ते पुन्हा रुळांवर चढवायचं. प्रत्येक रुळाला जुनी, भक्कम डीसी मोटर आणि तिचा वेग सांभाळणारं कपाट, म्हणजे ड्राइव्ह. मोटर्स ठणठणीत होत्या, पण कपाटांनी मान टाकली होती. आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळायची आणि तसली कार्डं आता कुणी बनवत नव्हतं. मी जनरल मॅनेजर माथुरसाहेबांना सांगितलं, हे सगळं काढा, एसी करा. डीसी मोटरचे झिजणारे कार्बनचे ब्रश बदलणं नाही, त्यांची काळी पूड नाही, पुढची कटकटच नाही. यात खोटं काही नव्हतं. आजही मी तेच सांगेन.

माथुरसाहेबांना पटलं. मुकुंदरावांना नाही. नव्या मोटर्स म्हणजे नवे पाये, नव्या केबल, आणि त्यासाठी दीडेक महिना मिल बंद. त्यांचा आक्षेप तेवढ्यावरच होता. त्यांचं म्हणणं, मोटर्स राहू द्या, फक्त कपाटं नवी बसवू. दर आठवड्याच्या सुट्टीला एक, बाकी दिवस मिल चालू. मी चिडून म्हटलं, "मुकुंदराव, दीड महिन्यानं काय आकाश कोसळतंय?" त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. घरात मिलचा विषय त्यांनी काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "आजूबाजूच्या किती मिला 'थोड्या दिवसांसाठी' बंद झाल्या, ठाऊक आहे? फाटकाला लागलेली कुलपं गंजून गेली. मालक एकदा बंद मिलचा हिशेब मांडायला बसला ना, की उघडायचं विसरतो. माझी माणसं कुठे जातील?" ताईनं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. ते जेवले आणि हात धुवायला उठले.

शेवटी माथुरसाहेबांनी त्यांना एक सुट्टी दिली. पहिला ड्राइव्ह बसवा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मशीन चाललं नाही, तर ऑर्डर माझी. मलाही हजर राहायला सांगितलं. मुकुंदरावांनी सकाळी आल्या आल्या काय करावं, तर मोटर आणि रूळ यांना जोडणारं कपलिंग उघडायला घेतलं. ही त्यांची जुनी रीत. नव्या जोडणीनंतर मोटर आधी एकटी फिरवायची. त्यात अर्धी सकाळ गेली. माथुरसाहेब घड्याळ बघत होते. "मुकुंदजी, पूजा बाद में कर लीजिए, पहले चलाइए तो," ते म्हणाले. मुकुंदराव हसले आणि पाना फिरवत राहिले.

दुपारी बटण दाबलं आणि मोटर सुसाट सुटली. आवाज चढतच गेला, मी चक्क दोन पावलं मागे झालो. मुकुंदरावांनी वीज तोडली तेव्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. मोटरचा खरा वेग कपाटाला कळवणाऱ्या छोट्या यंत्राच्या दोन तारा उलट लागल्या होत्या. मोटर उलटी चाललीय असं समजून कपाट जोर वाढवत गेलं. रूळ जोडलेला असता तर त्याचे तुकडे वेचावे लागले असते. माथुरसाहेब म्हणाले, "बस, अब रहने दीजिए." मुकुंदराव शांतपणे म्हणाले, "तार मैंने उल्टी लगाई, साहब. मेरी गलती है, मैं ही सुधारूँगा." मग माझ्याकडे वळले. "सतीशराव, नुसते बघताय काय? टॉर्च धरा."

आणि मी, एसीवाला, डीसीच्या कपाटात टॉर्च धरून उभा राहिलो! मनातून संताप होत होता. पण मोटर दुसऱ्यांदा फिरली ती अशी संथ, गुमान, की माझ्याच तोंडून "वा" निघून गेलं. सकाळच्या पाळीला मशीन चाललं, आणि पुढच्या सुट्ट्यांना एकेक करत सगळी कपाटं बदलली. एक मोटर मात्र आतून पार झिजलेली निघाली. त्यांनी स्वतः मला फोन केला. "इथे तुमचंच बरोबर. या घेऊन तुमची एसी." हट्टी माणूस, पण हट्ट कुठे सोडायचा ते त्यांना कळत होतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासारखं होता येत नाही याचाही.

तेराव्यानंतर मी मिलमध्ये गेलो. मशीनपाशी रामसजीवन होता, मुकुंदरावांबरोबर उभी नोकरी केलेला फोरमन. त्याच्याकडून कळलं की साहेब गेल्याची बातमी आली तेव्हा रिवाजाप्रमाणे एक दिवस मिल बंद ठेवायचं ठरलं होतं. ताईला ते समजलं. पतीचा देह समोर, आणि तिनं माथुरसाहेबांना फोन लावून सांगितलं, "भाईसाहब, मशीन बंद मत कीजिएगा." लोक पाळी सुटेल तसे स्मशानात आले.

"तुम्ही तर स्मशानात गेला असाल," मी हिंदीत म्हटलं.

त्यानं मान हलवली. "नहीं जा पाए, साहब. हमारी पाली थी. कागज़ भी टूटा उस दिन..." त्यानं गमछ्यानं डोळे पुसले. "हमने फिर चढ़ा दिया."