वरचा थेंब, तळाचा थेंब

पानाखाली पांढरा कागद धरला आणि पानाला टिचकी मारली. कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडले. क्षणभर थांबले. मग चालू लागले.

हा लाल कोळी. आम्ही माइट म्हणतो. पानाच्या खालून रस शोषतो, जाळं विणतो. फार झाला की शेंड्यावर गोळा होतो. त्या दुपारी पंखे बंद होते, वारा नव्हता, तरी गुलाबांचे शेंडे हलल्यासारखे वाटत होते. जवळ गेलं की कळायचं, हलतंय ते जाळं, आणि जाळ्यात तेच ठिपके.

परदेशी व्यापार नुकता खुला झाला होता. हैदराबादेत ज्याला त्याला गुलाब एक्स्पोर्ट करायचे होते. शमशाबादच्या पुढे आमचं पॉलिहाउस होतं. मी काचीगुड्याहून बसने जायचो, फवारणी माझ्याकडे होती. खरेदीदाराची अट होती, केमिकल नको, फक्त नीम तेल.

तेल पाण्यात मिसळत नाही. साबणाचं पाणी घालून घुसळावं लागतं. नीट घुसळलं नाही तर तेल वर तरंगतं, पानं करपतात, कोळी जगतो. म्हणून मी यादम्माला एक युक्ती शिकवली होती. यादम्मा आमची फवारणीची मुख्य बाई. ड्रमातला वरचा थेंब जिभेवर ठेवायचा, मग नळ सोडून तळाचा. दोन्ही सारखे कडू लागले की मिश्रण जमलं. मास्क कशाला, नीमच तर आहे, असंही मीच म्हणालो होतो.

नीम सावकाश काम करतो. अंड्यांवर त्याचं फारसं चालत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा मारावा लागतो. खरेदीदार मात्र दहा दिवसांत यायचा होता. आमचे साहेब पुण्याचे. ते म्हणाले, "तुमचा नीम पेन्शनीत निघालाय का? मला पानं स्वच्छ हवीत. कशी, ते मला सांगू नका."

मी सांगितलं नाही. कुणालाच नाही. सकाळी लवकर जाऊन नीमच्या ड्रमात माइट मारायचं केमिकल ओतलं. तेलाच्या उग्र वासात त्याचा वास बुडाला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा मी ऑफिसात होतो. नव्हतो. दारात उभा होतो. यादम्माने वर बोट बुडवून चाखलं. मग तळाचं. थांबली.

"सार, कडवा तो है. मगर जीभ सोरी आज."

जीभ बधिर होतेय, असं ती मला सांगत होती. मी म्हणालो, "नया तेल है, यादम्मा. शुरू करो."

तिने बंद हवेत तीन तास फवारलं.

दुपारी तिला चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय फवारत होती? मी म्हणालो, "नीम तेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेच लिहून घेतलं. ती वाचली, ती माझ्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी पॉलिहाउसमध्ये कागद धरला. टिचकी मारली. काहीच चाललं नाही. कोळी मेले होते, आणि त्यांना खाणारे चिमुकले किडेही. मुंग्यासुद्धा नव्हत्या. इतकी स्वच्छ जागा मी आयुष्यात पाहिली नाही. माझाच श्वास मोठा वाटला. मी बाहेर पळालो.

खरेदीदार आला, नीमचं कौतुक करून गेला. तिसऱ्या आठवड्यात कागदावर एक ठिपका चालला. मग शेकडो. अंडी राहिली होती, आणि त्यांना खाणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

महिन्याभराने यादम्मा कामावर आली. तेव्हा ड्रमात खरोखर फक्त नीम होता. तिने वरचा थेंब चाखला, तळाचा चाखला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अब सब एकइच लगता, सार. तुमीच चखो."

मी चाखला. कडू होता, वर आणि तळाशी सारखाच.

तेव्हापासून प्रत्येक ड्रमावर आत काय आहे ते मी स्वतः लिहितो, तीन भाषांत, आणि कुणाला चाखू देत नाही. नव्या लोकांना हाच धडा देतो. का, ते सांगत नाही.

इथे सांगितलं. मराठीत. यादम्माला मराठी वाचता येत नाही.