एसटीच्या दाराशी उभा माणूस

चिखलीहून दुसरबीडला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी तो दाराशीच उभा. नाकातोंडावर दुपट्टा, तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे. मी बसायला बोलावलं.

"नोको भाऊ. फ्लू झाला होता. ताप गेला, खोकला गेला, पण आतले जंतू कधी जाते, कोणी सांगून नाही राह्यलं. फवारणीच्या डब्यावर लिहेल असते, किती दिवस भाजी तोडू नका म्हून. माणसावर कुठं लिहेल असते?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? "मग निघालात कशाला?"

"नातू झाला ना! राहवते का?"

दुसरबीडला लेक बाळ घेऊन थांब्यावर आली होती. ती बाळ पुढे करत होती आणि तो दुपट्टा घट्ट दाबून, हसऱ्या डोळ्यांनी, एकेक पाऊल मागे सरकत होता.