बैलाचा पोचा

अमळनेर स्टेशनाबाहेर निंबाखाली बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. रुळाचा तुकडा ही त्याची ऐरण. शिवाय बाभळीची मोगरी आणि बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून स्वतः घडवलेला एक आकडा. एवढ्यावर तो साहेबाच्या मोटारीचा दांडाही सरळ करी.

सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेली विलायती सायकल वाकवून मी त्याच्यापुढे उभा राहिलो. "बाजूनं बैलानं धडक दिली," म्हणालो. घरीही हेच सांगायचं ठरवलं होतं.

त्यानं एक डोळा मिटला, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरून अंगठा फिरवला आणि मोगरी खाली ठेवली.

"भाऊ, हाई तं समोरतीन वाकेल शे. लोखंड जठून वाकनं, तठूनच सरळ व्हस. खरं सांगा, नही तं मी उलटं ठोकसू."

भोवती चार गिऱ्हाइकं आणि मी कचेरीतला पिळदार मिशांचा कारकून! शेवटी सांगून टाकलं, की बोरी नदीच्या उतारावर दोन्ही हात सोडून सायकल चालवत होतो आणि समोर बाभूळ आली.

चौघंही खो खो हसले. तो मात्र हसला नाही. आकडा अडकवून त्यानं तीन हिसके दिले आणि चिमटा सरळ झाला. मी निघालो तशी त्यानं हाक मारली, मडगार्डवर बाजूनं मोगरीचा एक ठोका घातला आणि छानसा पोचा पाडला.

"घरमा दखाडाले बैल नको का?"

बायकोनं तो पोचा पाहून बैलाच्या मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या. मीही दोन घातल्या.